नदीकाठची गावे आणि फोर्टिफाइड वाइन: इंदापूरपासून पोर्तोपर्यंत

द्राक्षांच्या वाइनमध्ये द्राक्षांपासूनच काढलेले कडक मद्य मिसळून जी वाइन तयार होते तिला फोर्टिफाइड वाइन म्हणतात. जेवणाबरोबर घेतल्या जाणाऱ्या साध्या वाइनमध्ये मद्यार्क साधारण १२ ते १४ टक्के असतो. फोर्टिफाइड वाइनमध्ये तो १५ ते २२ टक्क्यांपर्यंत जातो. पोर्ट, शेरी, मदेरा, मार्साला ही तिची प्रसिद्ध नावे. यांतील पोर्टचा इतिहास नदीशी बांधलेला आहे. पोर्तुगालच्या दौरू नदीच्या वरच्या खोऱ्यात द्राक्षे पिकतात. तिथली पिंपे सपाट तळाच्या ‘राबेलो’ होड्यांतून खाली पोर्तो शहरासमोरच्या काठावर यायची आणि तिथल्या थंड कोठारांत मुरून जहाजांवर चढायची. जुने नदीकाठचे शहर पाहणे आणि ही वाइन चाखणे, असा दुहेरी बेत म्हणूनच अनेक प्रवासी आखतात.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या वाचकांना, आणि पुण्याहून सोलापूर रस्त्याने या भागात फिरायला येणाऱ्यांना, या बेताबद्दल काही प्रश्न हमखास पडतात. अकलूजजवळ आणि रोटीला वाइनरी आहेत, तर तिथे पोर्ट मिळते का? दुकानात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड वाइन खरी पोर्ट असते का? गोव्याहून चार बाटल्या गाडीत टाकून आणल्या तर चालतात का? चार-पाच घोट चाखून गाडी चालवता येते का? या प्रश्नांची उत्तरे आणि बेताची व्यवहार्य आखणी पुढे दिली आहे.

काय चाखायचे आहे ते आधी ठरवा

सगळ्यात मोठा गोंधळ ‘गोड वाइन’ आणि ‘फोर्टिफाइड वाइन’ यांत होतो. द्राक्षे वेलीवर जास्त पिकू दिली की त्यांतली साखर वाढते आणि वाइन गोड होते. नाशिकच्या सुला वाइनरीची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लांक ही अशी वाइन आहे. ती गोड असली तरी तिच्यात बाहेरून मद्य घातलेले नसते. पोर्टची रीत वेगळी. रस आंबत असताना, साखर निम्म्याच्या आसपास उरलेली असते तेव्हा, त्यात सुमारे ७७ टक्के मद्यार्काचे द्राक्षांचे मद्य ओततात. त्या तीव्रतेत यीस्ट मरते, आंबणे थांबते आणि उरलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. त्यामुळे पोर्ट गोडही असते आणि कडकही. शेरीत क्रम उलटा आहे. रस आधी पूर्ण आंबवून कोरडा करतात आणि मग मद्य मिसळतात, म्हणून बहुतेक शेरी गोड नसते. मदेरा तापवून किंवा उन्हाच्या उबेत वर्षानुवर्षे मुरवतात. त्यामुळे बाटली उघडल्यावरही ती बराच काळ टिकते.

पोर्टचे प्रकार ओळखता आले तर यादी समोर आल्यावर गडबड होत नाही:

- रूबी: गडद लाल, ताज्या काळ्या फळांच्या चवीची, कमी काळ मुरवलेली. किंमत सर्वांत कमी.
- टॉनी: लाकडी पिंपात हळूहळू हवा लागून तांबूस-पिंगट झालेली. चवीला सुका मेवा, अंजीर, भाजलेली साखर. १०, २०, ३० आणि ४० वर्षे असे वय बाटलीवर लिहिलेले असते.
- एलबीव्ही: एकाच वर्षाच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली.
- व्हिंटेज: निवडक वर्षीच केलेली, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरून पुढे दशकानुदशके मुरणारी. तळाशी गाळ साचतो.
- व्हाइट पोर्ट: पांढऱ्या द्राक्षांची, थंड करून घेतात.

पहिल्यांदाच चाखणाऱ्यांनी १० वर्षांची टॉनी निवडावी. काजू, बदाम, खारीक खात वाढलेल्या माणसाला तिची चव लगेच ओळखीची वाटते. व्हिंटेज पोर्टची महागडी बाटली पहिल्या खेपेला घेऊ नये. ती उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागते. टॉनी मात्र थंड जागी काही आठवडे चांगली राहते.

युरोपीय संघाच्या कायद्यानुसार पोर्ट हे नाव फक्त दौरू खोऱ्यातल्या वाइनलाच लावता येते. या खोऱ्याच्या सीमा १७५६ मध्ये, मार्किस दे पोंबाल यांच्या काळात, सरकारी हुकमाने आखल्या गेल्या. आपल्याकडच्या दुकानांत ‘पोर्ट’ म्हणून स्वस्तात मिळणारी गोड लाल वाइन दौरूची नसते. ती घेऊ नये असे नाही, पण तिच्यावरून पोर्टबद्दल मत बनवू नका. लेबलवरचा मद्यार्काचा आकडा पाहा, म्हणजे बाटलीत काय आहे याचा बराच उलगडा होतो.

इंदापूर परिसर: नद्या, गावे आणि वाइनरी

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये आहे, आणि तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे त्या एकमेकींना मिळतात. संगमावरचे लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. पेशवाईतले सरदार विंचूरकर यांचे नाव त्याच्या बांधकामाशी जोडलेले आहे. वैशाखातल्या नृसिंह जयंतीला येथे मोठी गर्दी होते. इंदापूर गाव भोसल्यांच्या जहागिरीत होते. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्याच लढाईत पडले. गावातली त्यांची गढी आणि जवळचा चांदशाहवली दर्गा पाहायला एक सकाळ पुरते.

पश्चिमेला बारामती कऱ्हेच्या काठी आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत इथे राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. नाईकांचा वाडा आणि नदीकाठची जुनी मंदिरे पायी फिरून होतात. त्याच कऱ्हेच्या काठी वर मोरगावचा मयूरेश्वर आहे. इंदापूरकडे येताना वाटेत वालचंदनगर लागते. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वसवलेली ती कारखान्याची वसाहत आहे.

भीमेवरच्या उजनी धरणाने या तालुक्याचा नकाशाच बदलला. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाखाली नदीकाठची कित्येक गावे गेली. जुने पळसदेव त्यांपैकी एक. लोक वर महामार्गालगत येऊन वसले आणि पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर पाण्यात राहिले. धरणाची पातळी उन्हाळ्यात खूप खाली गेली की ते मंदिर उघडे पडते. कोरीव खांबांवर पाण्याच्या पातळीच्या रेषा एकाखाली एक उमटलेल्या दिसतात आणि भोवती वाळलेल्या गाळाला हातभर खोल भेगा असतात. गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असू शकतो, म्हणून गावातल्या माणसाला वाट विचारूनच आत जावे.

वाइनसाठी या परिसरात दोन नावे महत्त्वाची आहेत. नीरेपलीकडे, सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्लीची वाइनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू यांनी एकत्र येऊन ती उभारली. पाटस-बारामती रस्त्यावर रोटीला फोर सीझन्सची वाइनरी आहे. युनायटेड स्पिरिट्सने ती बांधली आणि नंतर तिची मालकी बदलली. त्याआधीही बारामतीजवळच्या पिंपळीत बॉस्का या नावाची वाइन तयार होत होती. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणल्यावर राज्यात वाइनरी वाढल्या. पण या भागातल्या द्राक्षबागायतदाराला वाइन त्याआधीपासून माहीत आहे.

या वाइनरींचा मुख्य माल साधी, म्हणजे टेबल वाइन आहे. फोर्टिफाइड वाइन चाखायला मिळेल असे गृहीत धरून इथे जाऊ नका. इथे येण्याचा उपयोग निराळा आहे. सांजोव्हेजे, शेनिन, कॅबर्ने ही द्राक्षे या उन्हात आणि या मातीत कशी उतरतात ते कळते, आणि टेबल वाइन नीट चाखता आली की पुढे पोर्टमधला फरक जिभेला लगेच जाणवतो. निघण्यापूर्वी फोन करून एवढे विचारून घ्या:

- त्या दिवशी टेस्टिंग चालू आहे का, आधी नाव नोंदवावे लागते का?
- शुल्क किती, त्यात किती प्रकार आणि प्रत्येकी किती मिली? बाटली घेतली तर शुल्क वळते होते का?
- मुक्कामाची सोय आहे का? मुलांना बरोबर आणता येते का?
- गोड किंवा फोर्टिफाइड प्रकारची वाइन यादीत आहे का?

कोणत्या महिन्यात जावे

इथे एक निवड करावीच लागते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. याच काळात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या भागात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी असतात आणि हवाही बरी असते. पळसनाथाचे मंदिर मात्र एप्रिल-मेमध्ये, तेही पाणी पुरेसे खाली गेले तरच दिसते. तेव्हा ऊन चाळीस अंशांच्या वर जाते आणि बागा छाटलेल्या असतात. दोन्ही एकाच सहलीत साधत नाही. वाइन हा मुख्य हेतू असेल तर फेब्रुवारी निवडा. मंदिर पाहायचे असेल तर मे महिन्यात वेगळे या आणि त्या खेपेला वाइनरीचा बेत ठेवू नका.

आषाढी वारीचे दिवस टाळावेत. संत तुकाराम महाराजांची पालखी पाटस, रोटी घाट, बारामती, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या वाटेनेच जाते. सराटीला पादुकांना नीरास्नान घालून पालखी अकलूजला उतरते. त्या दिवसांत रस्ते वारकऱ्यांचे असतात आणि वाटेवरच्या गावांत मद्यविक्री बंद ठेवण्याचे आदेशही निघतात. त्या आठवड्यात यायचेच असेल तर वारी पाहायला या.

उजनी जलाशयात होडीने फिरताना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, आणि वारा सुटला असेल तर नावाडी तयार असला तरी नकार द्या. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी अशी येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. मद्य घेतलेल्या माणसाने होडीत पाऊल ठेवूच नये.

दिवसाची आखणी

एकच नियम पक्का धरावा: नदी, मंदिर, गढी दिवसा, वाइन संध्याकाळी आणि मुक्कामाच्या जागी. याला कारणे तीन. नरसिंहपूर, मोरगाव ही श्रद्धेची ठिकाणे आहेत; मद्य घेऊन तिथे जाणे स्थानिकांना दुखावणारे आहे. दुसरे, सकाळी चव घेऊन दुपारच्या उन्हात फिरले की शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. तिसरे कारण गाडीचे, त्याचा हिशेब पुढे येईल.

पुण्याहून इंदापूर सुमारे १४० किलोमीटर आहे, बारामती सुमारे १००. दोन रात्रींची सहल अशी बसते: पहिल्या दिवशी पहाटे निघून भिगवणला पक्षी, दुपारी तिथेच माशांचे जेवण, मग इंदापूरची गढी आणि इंदापुरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसिंहपूर, दुपारी नीरा ओलांडून माळशिरसकडे, संध्याकाळी वाइनरीत टेस्टिंग आणि तिथेच किंवा अकलूजला रात्र. परतीचा प्रवास तिसऱ्या दिवशी सकाळी. वाइनरीत खोली मिळाली नाही तर चालक ठरवून घ्या. मित्रांपैकी ‘आज मी घेत नाही’ म्हणणाऱ्यावर अवलंबून राहण्यापेक्षा भाड्याची गाडी आणि तिचा चालक हा पर्याय कधीही चांगला, कारण टेबलावर बसल्यावर तो निश्चय टिकतोच असे नाही.

चाखण्याची रीत

क्रम असा ठेवतात: आधी पांढरी कोरडी, मग रोझे, मग लाल, त्यानंतर गोड आणि अगदी शेवटी फोर्टिफाइड. उलट केले तर गोडव्यामुळे आणि तीव्रतेमुळे पुढच्या वाइनची चवच लागत नाही. पेला तळाशी किंवा दांड्याला धरा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहा. टॉनीचा काठ विटकरी-पिंगट दिसतो, रूबीचा जांभळट लाल. मग नाक जवळ नेऊन वास घ्या, पण फोर्टिफाइड वाइनला पेल्यात नाक खुपसू नका. मद्यार्काच्या वाफेने नाक झणझणते आणि फळाचा वास निसटतो. घोट लहान घ्या, तोंडभर फिरवा, आणि थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाकून द्या. अनेकांना यात संकोच वाटतो, पण व्यावसायिक चाखणारे हेच करतात आणि कोणत्याही चांगल्या वाइनरीत त्याला कोणी नाव ठेवत नाही.

तापमानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. रूबी १६ ते १८ अंशांना, टॉनी १२ ते १४ अंशांना, पांढरी पोर्ट त्याहूनही थंड द्यायची असते. बारामतीच्या मार्चमधल्या खोलीत ठेवलेली बाटली ३० अंशांच्या वर असते, आणि अशी पोर्ट प्याल्यावर तोंडात फक्त गोड आग उरते. त्यामुळे घरी उघडण्याआधी बाटली फ्रीजमध्ये गार करून घ्यावी.

बरोबर खायला काय घ्यावे हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. टॉनीबरोबर शेंगदाण्याची चिक्की, खारे बदाम, सुके अंजीर चांगले लागतात. रूबीबरोबर कडसर चॉकलेट घ्यावे. पुरणपोळीबरोबर पोर्ट घेऊ नये. दोन गोडवे एकमेकांना मारतात. कोल्हापुरी तिखटाबरोबरही नको, कारण तिखट आणि मद्यार्क मिळून जीभ भाजते. शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट विचारावी: काही वाइन गाळताना अंड्याचा पांढरा भाग किंवा जिलेटिन वापरतात. वाइनरीत त्याचे उत्तर मिळायला हवे.

किती घोट, किती मद्य

या विषयात सर्वांत जास्त नुकसान गैरसमजाने होते. ‘वाइनच तर आहे’ हे वाक्य फोर्टिफाइड वाइनला लागू पडत नाही. हिशेब सोपा आहे. वीस टक्क्यांच्या पोर्टचे ३० मिलीचे पाच नमुने गिळले तर पोटात ३० मिली शुद्ध मद्यार्क जातो. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये तो २६ मिलीच्या आत असतो. म्हणजे ‘थोडे थोडे चाखले’ म्हणणारा माणूस मोठ्या पेगपेक्षा जास्त घेऊन उठलेला असतो. शरीर तासाला साधारण ८ ते १० मिली मद्यार्कच निकाली काढते. काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याने आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. किती घेतले तर ही मर्यादा ओलांडते हे वजन, जेवण आणि शरीरप्रकृतीवर ठरते, म्हणून ‘एवढे चालते’ असा आकडा कोणी सांगितला तरी त्यावर विसंबू नका. चाखले असेल तर गाडी चालवू नका.

मधुमेही वाचकांनी साखरेकडेही पाहावे. पोर्टमध्ये लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते. ५० मिलीत पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर. गर्भवती महिलांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि झोपेची किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणाऱ्यांनी चाखूच नये.

नाशिक आणि पणजी

महाराष्ट्रात जुने नदीकाठचे शहर आणि वाइन यांची सर्वांत सोपी जोडी नाशिकला मिळते. गोदावरीचे घाट, काळाराम मंदिर, सुंदरनारायण सकाळी पाहून संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला जाता येते. सुलाने तिथे २००५ मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली. २०२७ च्या सिंहस्थात मात्र पर्वणीच्या दिवशी वाइनसाठी नाशिकला जाऊ नका. खोलीही मिळणार नाही आणि रस्ताही.

फोर्टिफाइड वाइनची ओळख करून घ्यायला देशात पणजी जास्त योग्य आहे. मांडवीच्या काठचे हे शहर, वर नदीकाठीच असलेले जुने गोवे, फोंताइन्हासच्या रंगीत गल्ल्या, हे सगळे तिथे पाहायला मिळते. गोव्यात स्थानिक पोर्ट वाइन जवळपास प्रत्येक बारमध्ये असते, कारण ती सवय पोर्तुगीज काळापासून मुरलेली आहे. ती दौरूच्या पोर्टहून वेगळी आणि बरीच गोड असते. दोन्ही ठेवणाऱ्या चांगल्या उपाहारगृहात गोव्याची आणि पोर्तुगालची पोर्ट एकेक लहान पेला शेजारी शेजारी मागवा. आयात बाटलीचा पेला महाग पडतो, पण वाचून जे कळत नाही ते या दोन पेल्यांत कळते.

पोर्तोला जाणाऱ्यांसाठी

युरोपात मुलाबाळांकडे जाणारी अनेक मराठी कुटुंबे आता पोर्तोचा फेरा घेतात. शेंगेन व्हिसावर तिथे जाता येते. जुने शहर दौरूच्या उत्तर काठावर आहे आणि १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पोर्टची कोठारे समोर, दक्षिण काठावरच्या व्हिला नोव्हा दे गाइया या वेगळ्या शहरात आहेत. दोघांना जोडणारा १८८६ चा लोखंडी डों लुईश पूल दुमजली आहे. जाताना वरच्या मजल्यावरून चालत जा, येताना खालच्या. कोठाराचे दर्शन आणि टेस्टिंग यांची वेळ आधी नोंदवावी लागते, आणि दिवसात एकच कोठार करावे. दुसऱ्या कोठारात गेल्यावर चव कळेनाशी झालेली असते.

खुद्द द्राक्षमळे पाहायचे असतील तर पोर्तोहून पिन्याओंकडे जाणारी रेल्वे घ्या. रुळांच्या बऱ्याच भागात नदी शेजारून जाते आणि दोन्ही बाजूंना डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले दिसतात. भाड्याची गाडी घेतली तर वळणांचे रस्ते आणि टेस्टिंग यांचा मेळ बसत नाही. पोर्तुगालमध्ये सामान्य चालकासाठी मर्यादा लिटर रक्तात ०.५ ग्रॅम आहे. ती भारतापेक्षा सैल असली तरी पोर्टचे तीन-चार पेले तिच्यात बसतील असे नाही. मद्य घेण्याचे किमान वय तिथे १८ आहे.

बाटली बरोबर आणताना

- महाराष्ट्रात: वाइन आणि सौम्य बिअरसाठी किमान वय २१, कडक मद्यासाठी २५ आहे. फोर्टिफाइड वाइन घेताना २५ वर्षांखालील ग्राहकाने दुकानात आधी विचारून घ्यावे. मद्यसेवनाचा परवाना दुकानात एका दिवसासाठीही मिळतो. विदेशी मद्याचा असा परवाना पाच रुपयांना मिळत आला आहे. घाटावर, नदीत, रस्त्यालगत गाडी थांबवून पिणे हा गुन्हा आहे.
- गोव्याहून: फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली महाराष्ट्राच्या परवान्याशिवाय आणली तर उत्पादन शुल्क विभाग ती जप्त करून गुन्हा नोंदवू शकतो. ‘एकच तर आहे’ हा बचाव तपासणी नाक्यावर चालत नाही. गोव्यात प्यायची ती गोव्यातच प्या.
- परदेशातून: प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते, मग लाल मार्गाने जाऊन ती जाहीर करावी. २४ टक्क्यांपर्यंतच्या मद्याला विमानसुरक्षेची वेगळी मर्यादा नाही, पण बाटली चेक-इन सामानातच टाका. अहमदाबादला उतरणाऱ्यांनी गुजरातच्या दारूबंदीचे नियम आधी पाहावेत.
- उन्हाळ्यात गाडीतून: बंद गाडीच्या डिकीत टेबल वाइन काही तासांत बिघडते, बूच वर येते, चव शिजल्यासारखी होते. थर्माकोलच्या खोक्यात, एसी चालू असलेल्या भागात ठेवा. पोर्ट जरा जास्त तग धरते, पण तिलाही उन्हात सोडू नये.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, मतदान आणि मतमोजणीचे दिवस, शिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेले कोरडे दिवस या तारखा सहल ठरवतानाच तपासा.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

दुकानात छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. उपाहारगृहात आणि वाइनरीच्या टेबलावर दर वेगळा असू शकतो, पण तो यादीत छापलेला हवा. बिलात खाद्यपदार्थांवर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा व्हॅट वेगवेगळा दाखवलेला असतो. मद्याच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर दुरुस्ती मागा. सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, तसा दंडक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये घालून दिला आहे. टेस्टिंग घेतले म्हणून बाटली विकत घेण्याचे बंधन नाही. कोणी आग्रह केला तर स्पष्ट ‘नको’ म्हणा.

लेबलवर मद्यार्काचे प्रमाण, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि आरोग्याचा इशारा असणे बंधनकारक आहे. ज्या बाटलीवर हे नाही, किंवा जिचे सील हललेले आहे, ती घेऊ नका. महाग बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब आहे. अशी बाटली उपाहारगृहात लगेच, पहिल्या घोटालाच परत करा. अर्धी संपवून तक्रार केली तर कोणी ऐकणार नाही.

आगाऊ भरलेले टेस्टिंग किंवा मुक्काम वाइनरीकडून रद्द झाला तर परतावा मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी नोंदणीचा संदेश, पैसे भरल्याची पावती आणि बिल जपून ठेवा. समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते.